नूरबी आली की माणूस जातं

नूरबी जुन्नरच्या एका दवाखान्यात वीस वर्षं नर्स होती. नोकरी सुटल्यावर ती गावोगाव कॅन्सरच्या पेशंटांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायची. आमच्या गावात, डिंगोऱ्यात, तिला कोणी वाईट म्हणत नव्हतं, पण ती एसटीतून उतरली की विहारापाशी बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. आधी ती ज्या तीन घरांत गेली, तिथली तिन्ही माणसं गेली होती. शेवटचा आमच्या शेजारचा भागुजी. चौथं घर आमचं.

दोन हजार तीन साली माझ्या सासूबाईंचं, फुलाबाईंचं, पुण्याला छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, जखम भरली की झालं. माझा काही त्यावर विश्वास बसला नाही. एवढं बरं आहे, तर मग ही बाई कशाला? ती पिशवीतून काय काढते, काय ठेवते, सगळ्यावर माझा डोळा असायचा. सासूबाईंनी तर हायच खाल्ली. जेवण तोडलं, चांगली लुगडी लेकींना वाटून टाकली.

एक दिवस त्यांनी नूरबीला धरलंच. "खरं सांग. मी जगते का न्हाई?"

"आक्का, तुमी बऱ्या व्हताय."

"भागुजीलाबी हेच म्हणत व्हतीस. मी तिथंच बसले व्हते."

नूरबीनं पिशवी जवळ ओढली. सामान आवरून म्हणाली, "परवापासून मी यायची न्हाई. ड्रेसिंगला तुमीच जुन्नरला माझ्या घरी या." आणि निघून गेली. मला वाटलं, हिनं हात झटकले. लई राग आला.

तिसऱ्या दिवशी पट्टी ओली झाली. शिव्या घालत सासूबाई माझ्याबरोबर एसटीत चढल्या आणि नूरबीच्या दारातच सुरू झाल्या. "मरायला टेकलेल्या बाईला एवढं लांब बोलावतीस? लाज न्हाई वाटत?"

"मरायला टेकलेल्याला मी बोलवत न्हाई," नूरबी म्हणाली. "त्याच्याकडं मी जाते."

"म्हंजे भागुजीला खोटं सांगितलंस."

"व्हय. त्याला खोटं सांगितलं."

तिनं मान खाली घातली नाही.  मग सासूबाई चपला काढून आत गेल्या. नूरबीनं पट्टी बदलली. पदर सारखा करताना सासूबाईंनी विचारलं, "आता पुन्यांदा कधी येऊ?"