मुकादमाची थाप

मुकादमाने बांधलेला माल वाटेत हलत नाही, अशी गोदामात ख्याती होती. लाकडी फळ्या असोत, लोखंडी पाइप असोत, नाहीतर कुणाच्या घरातलं काचेचं कपाट. तो ताडपत्री ओढायचा, वरून दोर टाकायचा, सगळं अंग मागे झोकून शेवटचा ताण द्यायचा आणि मालावर तळहाताने एक थाप मारायचा. थाप पडली की ड्रायव्हर गाडी सुरू करत. त्याच्या गाठी पोचल्या ठिकाणी सुटत नाहीत, कापाव्या लागतात, अशी तक्रार अधूनमधून यायची. ती तक्रार तो शाबासकीसारखी ऐकून घ्यायचा.

घरी आलं की हे हात बेकार व्हायचे. ते जेवत, दाराची कडी लावत, मांडीवर पडून राहत. बायकोच्या अंगाला मात्र लागत नसत. भांडण असं काही नव्हतं. मुलगी शिकायला दूर गेली, तेव्हा घोरण्याचं निमित्त करून तो तिच्या खोलीत झोपायला गेला आणि तिथलाच झाला. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीची दोघांनाही सवय झाली होती. खिळा ठोकावा, कॅलेंडर लावावं, इतकी ती घरातली झाली होती.

बायको चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर परक्या माणसांच्या कानशिलांना हात लावून फ्रेम बसवायची. "कानामागे टोचतंय का? नाकावर दाबतंय का?" तिच्या बोटांत इतकी माया होती की म्हातारी गिऱ्हाइकं चष्मा नीट बसला तरी उगीच परत यायची. तिला कुठे काय टोचतंय हे विचारणारं कुणी नव्हतं. विचारलं असतं तरी ती "ठीक आहे" म्हणाली असती. ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.

एकदा जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "अहो, सगळ्या जगाला बांधत असता. मला बांधाल?"

तो हसला. तिने फोन त्याच्यापुढे धरला. फोटोत एक बाई जमिनीवर बसलेली, छातीवरून आणि दंडांवरून दोर फिरलेला. मागे एक माणूस, त्याचं कपाळ तिच्या खांद्यावर टेकलेलं.

"जपानी पद्धत आहे. नवराबायको मिळून शिकतात. सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक बाई वर्ग घेतात, मी चौकशी करून आले."

"या वयात?"

"दोराला काय कळतंय आपलं वय! आणि दोर नका बघू. तिचा चेहरा बघा."

त्याने पाहिलं. बाईचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नव्हती. कुणीतरी सगळं ओझं उतरवून घेतल्यावर हमाल जसा क्षणभर उभा राहतो, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. तो हो म्हणाला. शिवाय बांधणं हे तर त्याचंच काम. त्यात शिकायचं काय?

जायच्या आदल्या दिवशी मेव्हणीचा फोन आला. "रविवारी घरी नाही म्हणजे? कुठे निघालात दोघं?"

"नाच शिकायला," बायको म्हणाली.

"भाऊजी? नाच? अगं, ते उभे राहिले की कपाट वाटतं!"

वर्गाची खोली लांबट होती. खाली चटया, वर पंखा, आणि फटींतून येणारा पंक्चरच्या सोल्युशनचा वास. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. बरीच वर्षं जपानात राहून आलेल्या. त्यांनी तेल लावून मऊ केलेले तागाचे दोर वाटले आणि प्रत्येक चटईशेजारी बोथट टोकाची कात्री ठेवली. "दोराखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गाठ एका ओढीत सुटली पाहिजे. बांधणाऱ्याने विचारत राहायचं, बांधून घेणाऱ्याने खरं सांगायचं. यातलं एक जरी राहिलं, तर बाकीचं शिकून उपयोग नाही."

मुकादमाने अर्धंच ऐकलं. बाकीची जोडपी दोराचा मध्य शोधत होती, तोवर त्याने बायकोचे हात मागे घेऊन दंडांवरून वेढे टाकले, अंग मागे झोकलं, आपली नेहमीची निरगाठ मारली आणि तिच्या पाठीवर तळहाताने थाप मारली.

"हलायची नाही."

खोलीत हशा पिकला. बायको हसली नाही.

बाई आल्या. "बोटं कशी आहेत?"

"ठीक आहे," बायको म्हणाली.

बाईंनी तिची बोटं हातात घेतली. "गार पडलीत. सोडा हो लवकर."

तो पुढे झाला. गाठीला नखं लावली, दोराचं टोक ओढलं, उलट बाजूने रेटा दिला. गाठ ढिम्म हलेना. आयुष्यभर गाठी मारल्या. पण सोडणारे लोक नेहमी पलीकडच्या गावात असत, आपली एखादी गाठ स्वतः सोडायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. बाईंनी कात्री घेतली. दोर तुटल्याचा आवाज लहान होता, पण त्याला तो मोठा वाटला.

घरी जाताना बायको दंड चोळत चालली होती. कोपऱ्यावर आल्यावर त्याने विचारलं, "दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही थाप मारलीत."

"मग?"

"थाप पडल्यावर माल बोलतो का कधी?"

ती पुढे म्हणाली, "मला वाटलं होतं, निदान बांधताना तरी माझ्याकडे बघाल. पुन्हा यायचं की नाही, मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी गोदामात माल बांधून झाला. ड्रायव्हर इंजीन चालू करून वाट बघत बसला. शेवटी मान बाहेर काढून ओरडला, "मुकादम, थाप राहिली!" मुकादम गाठीशी झटत होता.

"चुकलं का काही?"

"बघतोय सुटते का."

"अहो, सुटली तर मी घाटात काय करू?"

माल पुन्हा नीट बांधून त्याने गाडी पाठवली. मग जुना दोर घेऊन तो गोदामाच्या खांबाशी बसला आणि लहान मुलं बुटाच्या नाडीची मारतात ती सुरगाठ मारत राहिला. मारायची, ओढायची, सोडायची. हमालांना वाटलं, साहेबाने झापलं असेल.

शनिवारी दुपारी त्याने धुवून वाळवलेला दोर आणून बायकोच्या पुढ्यात ठेवला. "आधी तू मला बांध."

"मी? मला साधं पार्सल बांधता येत नाही."

"म्हणून तर."

तो जमिनीवर बसला. ती मागे गुडघे टेकून बसली. दोर तिच्या हातून दोनदा निसटला, एकदा स्वतःच्याच पायात अडकला, दोघंही हसली. मग त्याचे हात बांधले गेले, आणि हसू आटलं. हातांना काही कामच उरलं नाही. काम नसलेला हा माणूस कोण, हे त्याला ओळखू येईना. इतक्यात कानाशी तिचा दुकानातला आवाज आला.

"टोचतंय का कुठे?"

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. हे तर तिचं उत्तर. घरात हे उत्तर दोघंही वापरत होती तर.

"नाही," तो सावकाश म्हणाला. "डावा खांदा. जुनं आहे."

"जुनं म्हणजे?"

"मुलगी शाळेत होती तेव्हापासून."

"आणि मला आज कळतंय!" तिने एका ओढीत दोर सोडला, त्याच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?"

वर्गात या वेळी मुकादम सगळ्यांत मागे राहिला. प्रत्येक वेढ्याखाली बोटं घालून बघत होता, पुढे येऊन तिचा चेहरा बघत होता, पुन्हा मागे जात होता. एका तरुण जोडप्याचं बांधून, सोडून, पाणी पिऊनही झालं. शेवटची सुरगाठ मारून तो तिच्यासमोर बसला.

"टोचतंय का कुठे?"

"ठी..." ती अडखळली. तिने एक श्वास घेतला. खाली कुणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं, त्याची घरघर वर येत होती.

"हो," ती म्हणाली. "उजव्या दंडाला. सैल करा."

त्याने दोराचं टोक ओढलं. गाठ पाण्यासारखी सुटली. त्याने पुन्हा वेढा टाकला. "आता?"

"अजून थोडं खाली."

"आता?"

"आता राहू द्या."

ती डोळे मिटून बसली. चेहरा फोटोतल्या बाईसारखा मुळीच झाला नाही. तिचाच राहिला, फक्त कपाळावरची आठी गेली होती. ती आठी तिथे होती, हे त्याला ती गेल्यावर कळलं. सवयीने त्याचा तळहात थाप मारायला उठला. तो तसाच हवेत थांबला, मग अलगद तिच्या पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला.

जिना उतरताना तिने विचारलं, "घोरता का हो अजून?"

"मला काय माहीत? ऐकायला कोण असतं तिथे!"

"मग ऐकून बघायला हवं," ती म्हणाली, आणि दोराची पिशवी त्याच्या उजव्या खांद्यावर दिली.