खारट मंडळ

करी रोडच्या चाळीत राहणाऱ्याला मंडळ म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. गणपतीचं मंडळ, जयंतीचं मंडळ, क्रिकेटचं मंडळ. चार डोकी जमली की मंडळ झालंच. दौलतराव सोनटक्क्यांनी अशा कितीतरी मंडळांच्या खुर्च्या उचलल्या. पण ज्या मंडळात त्यांनी खरा जीव ओतला, त्याची एकही सभा कधी भरली नाही. भरली असती तर माणसं मेली असती.

हे मंडळ त्यांच्या मुलाचं, अजितचं. अजितला सिस्टिक फायब्रोसिस. जन्मापासूनचा आजार; छातीतला कफ डिंकासारखा चिकट, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि घाम इतका खारट की वाळल्यावर कपाळावर मीठ दिसतं. लहानपणी त्याचा मुका घेतला की बकुळाबाई, म्हणजे त्याची आई, म्हणायची, "माझा खारा शेंगदाणा!" त्या लाडात आजाराची खूण आहे, हे कुणाच्या डोक्यात यावं? डॉक्टरांनी टीबी समजून दोनदा औषधं दिली. खरं नाव कळलं तेव्हा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. मग मोठ्यांचे डॉक्टर म्हणाले, हा लहान मुलांचा आजार, मुलांच्या वॉर्डात न्या. मुलांच्या वॉर्डातले म्हणाले, ह्याला तर मिशी फुटलीय, मोठ्यांकडे न्या. परळला या दारातून त्या दारात फिरताना दौलतरावांना जो राग आला तो पुढं कधी उतरला नाही, आणि उतरावा तरी का?

त्या रागातूनच मंडळ निघालं. अजितला इंटरनेटवर गिरगावातली केरेन सापडली, मग तिथलीच ऋता केळुसकर, मग दादरचा एक, पनवेलची एक. सगळे विशी ओलांडलेले, आणि या दुखण्याचे आपण जगात एकटेच असं मानून बसलेले. अजितनं नाव ठेवलं 'खारट मंडळ' आणि पहिला नियमही त्यानंच लिहिला: आपल्यातल्या दोघांनी कधीही एका खोलीत यायचं नाही. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याच्या छातीत शिरले की हटत नाहीत. धडधाकट माणसाचं ते काही वाकडं करत नाहीत, ह्यांना मात्र संपवतात. म्हणजे ज्याला तुमचं दुखणं कळतं त्याच्याच शेजारी बसायची बंदी. दौलतराव देवबिव मानणारे नव्हेत; तरी म्हणायचे, "हे ज्यानं ठरवलं ना, तो एकदा जिन्यात सापडू दे मला."

तर सभा फोनवर व्हायच्या, निम्मं बोलणं आणि निम्मा खोकला. नोंदणीच्या वेळी कचेरीतला कारकून अडून बसला, सभेचा फोटो पाहिजे. शेवटी सगळ्यांचे आईबापच ओळीनं खुर्च्यांवर बसले आणि फोटो निघाला. तो बघून अजित हसत हसत खोकला, "बाबा, कसले पेशंट तुम्ही? पैलवान दिसताय सगळे."

मंडळाचे हातपाय म्हणजे हे आईबापच. एखादा सदस्य गेला की त्याच्या उरलेल्या औषधांचे डबे पुढच्याला द्यायचे, अशी रीत पडली. द्यायला जाताना आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे, डबे दारात ठेवून मागं सरायचं. केरेन गेली तेव्हा तिची आई आग्नेस काळ्या कपड्यांत करी रोडला आली. पचनाच्या गोळ्यांचे डबे उंबऱ्याबाहेर ठेवून अजितला म्हणाली, "जेवताना घे हां, बाबा," आणि तशीच वळली. केरेनच्या मातीला मंडळातलं कुणी जाऊ शकलं नव्हतं. त्या संध्याकाळी अजित आणि ऋता फोनवर खूप रडले, आणि त्यांनी ठरवलं: आपल्यातला जो आधी जायला टेकेल त्याच्यापाशी दुसऱ्यानं जायचं. नियम गेला खड्ड्यात. दौलतरावांनी हे पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं, आणि पोरांचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

मंडळ वाढण्याऐवजी झिजत गेलं. कुणी गेलं, कुणी फोन उचलायचं थांबलं, आणि त्याचा अर्थ बहुधा एकच असायचा. परदेशात म्हणे या आजारावर गोळी निघाली; करी रोडपर्यंत ती पोचली नाही. शेवटी अजित आणि ऋता दोघंच उरली.

दौलतरावांकडे औषध होतं ते हातात. शिवडीच्या गोदामात उभी हयात पोती उचललेला तो हात. रोज सकाळ-संध्याकाळ तळव्याचा द्रोण करून ते अजितच्या पाठीवर थापा मारायचे, कफ सुटेपर्यंत. आवाजावरून त्यांना कळायचं छाती कुठं भरलीय. गेल्या हिवाळ्यात तो आवाज बदलला. अजितच्या छातीत एक चिवट जंतू बसला होता. डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याला घरी न्यायला सांगितलं.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दोन शब्दांत धाप. तशात एका दुपारी अजितनं मास्क जरा वर केला. "बाबा, ऋताला बोलवा. एकदाच. समोर बसू दे."

दौलतराव मास्क पुन्हा नीट बसवू लागले. बकुळाबाई मात्र त्यांना गॅलरीत ओढून म्हणाली, "जावा ना. पोरगा कधी काय मागत नाय. विचारून तर या!"

दौलतराव गेले. अंघोळ, धुतलेला शर्ट, बस. ऋता तळमजल्यावर, जाळीच्या खिडकीत आली. गालांवर जरा मांस चढलं होतं. घरी बसून हिशेब तपासायचं काम मिळालं होतं. "तीन महिने ताप नाही काका, मी आता वडापावसुद्धा दोन खाते," असं ती सांगत होती. मग थांबली. "अजित बोलावतोय का? सांगा. मी आत्ता येते. आमचं ठरलंय."

आणि आत्ता हो म्हणायचं, तिला टॅक्सीत घालायचं, पोराच्या समोर बसवायचं, एवढंच होतं. पण दौलतरावांना तिचे ते गाल दिसत होते. अजितच्या छातीतला जंतू या पोरीच्या छातीत! दुसऱ्याच्या लेकीचा जीव आपल्या लेकाच्या इच्छेवर उधळायचा?

"नाही गं," ते म्हणाले. "तो म्हणाला, येऊ नको."

घरी येऊन त्यांनी अजितला सांगितलं, "घाबरते ती. नको म्हणाली."

"नियम माझाच ना," अजित एवढंच बोलला. मग हातातला फोन बंद केला आणि आईला कपाटात ठेवायला सांगितला. ऋताचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. आठवडाभरात तो गेला. सगळा वेळ तो भिंतीकडे तोंड करून होता, आणि दौलतराव पाठीवर थापा मारत होते, काही उपयोग नव्हता तरी.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. मग रीतीप्रमाणे दौलतराव अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, अजितचे डबे घेऊन गिरगावात गेले. दारात डबे ठेवून खिडकीपाशी सरले. ऋता जाळीपलीकडे उभी होती.

"काका, मी साडी काढून ठेवली होती. वाटलं, शेवटी तरी बोलावेल. फोन करत राहिले, बंदच." तिनं जाळीला बोटं लावली. "खरंच नको म्हणाला होता?"

खरं सांगावं, तर अजित तिला दगाबाज समजून गेला हे तिला कळणार. न सांगावं, तर अजितला ती नकोशी झाली होती असं तिनं जन्मभर मानायचं. दोन्हीकडून मार त्या पोरीलाच.

"हो," दौलतराव म्हणाले. "तुझ्या काळजीपोटी."

"मला राग आलाय त्याचा," ती म्हणाली. "खूप. मेल्या माणसाचा राग येतो का हो काका?"

तेवढ्यात तिला खोकला आला. थांबेना. कठड्याला धरून ती वाकली, आणि दौलतराव ऐकत राहिले. खोल, ओला, तळाशी अडकलेला. डावी बाजू, खालचा भाग. त्यांच्या कानांना पुढचं सगळं ठाऊक होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दहाएक दिवस झाले. तापही आहे. अजितचाच जंतू निघाला म्हणे." ती धाप टाकत हसली. "न भेटताच. काका, माझे डबे कुणाकडे न्याल?"

दौलतरावांनी आजवर प्रत्येक घरी पुढचं नाव सांगितलं होतं. आज त्यांच्यापाशी नाव नव्हतं. ती पुन्हा वाकून खोकू लागली तेव्हा खिडकीच्या अलीकडं त्यांच्या तळव्याचा आपोआप द्रोण झाला. आत जायला बंदी होती. त्यांनी तो हात खिशात घातला.