समोरच्या डोंगरावरची हजेरी

आमच्या बाईंकडे पाहून त्यांच्या आवाजाचा अंदाज कुणालाच येत नसे. अंगाने काडी, उंची बेताची, चिखल लागू नये म्हणून साडी वर खोचलेली. पण शाळेच्या पडवीतून त्यांनी हाक मारली की घळीपलीकडच्या डोंगरावर चरणाऱ्या म्हशीही मान वर करत. महाडच्या बाजारात मात्र त्या अगदी हळू बोलत. "इथे माणसं जवळ जवळ आहेत गं," म्हणायच्या.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या वर, तासाभराच्या चढणीवर. बाई राहायला महाडला. रोज महाडहून पोलादपूर, पोलादपूरहून कापडे एसटीने, आणि पुढचं सगळं पायी. चौथीपर्यंतची एका खोलीची शाळा आणि शिक्षक त्या एकट्याच. वाडीत घरोघर म्हशी, म्हणून निम्मा वर्ग कायम रानात. बाई समोर बसलेल्यांची हजेरी घेत आणि मग वही घेऊन पडवीत येत. "संगीता!" मी समोरच्या उतारावरून ओरडायची, "हाय बाय, हाय!" बाई माझ्या नावापुढे पेन्सिलीने टिंब देत. दुपारपर्यंत शाळेत पोचलं तर टिंबाची हजेरी व्हायची. नाही पोचलं तर शाळा सुटल्यावर बाई तिथूनच पाढे विचारत. "सतरा सत्ते?" मी अडले तर वाडीतली एखादी म्हातारी चुलीपुढून उत्तर द्यायची, इतकं ते सगळ्यांच्या कानात बसलं होतं.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "बाई, ही टिंबं कसली?"

"मूल ऐकू येतं, पण दिसत नाही, त्याचं टिंब," बाई म्हणाल्या. साहेबांचा चढ चढून जीव इतका मेटाकुटीला आला होता की त्यांनी वाद घातला नाही.

बाई बौद्ध घरातल्या. वाडीला हे पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या आजीने, भागीरथीने, त्यांना पाणी दिलं ते तांब्या उंच धरून, वरून ओंजळीत. बाई प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पाणी गोड आहे हो तुमचं." दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःची बाटली आणू लागल्या. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरचं पाणी त्यांनी मागितलं नाही. मला याचा अर्थ मोठेपणी कळला आणि आजीचा फार राग आला. पण त्याच आजीचं पुढचंही सांगितलं पाहिजे.

पाचवीची शाळा खाली कापड्याला होती. आमच्याकडे मुलीचं शिक्षण चौथीला संपायचं. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या ताईचंही तसंच संपलं. मग तिने म्हशी राखल्या आणि सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती महाडजवळच्या नाते गावी गेली. म्हशी माझ्याकडे आल्या. मला तर पुढे शिकायचं होतं, आणि ते बाईंशिवाय कुणाला बोलून दाखवायची माझी छाती नव्हती.

बाईंनी घाई केली. सुट्टी लागायला आठवडा होता. त्यांनी माझा दाखला लिहिला, स्वतः कापड्याच्या शाळेत नेऊन दिला आणि माझं नाव घालून मोकळ्या झाल्या. बाबांना विचारलंच नाही. बाबांना ते खालच्या भातगिरणीत चार माणसांसमोर कळलं. ते तरातरा वर आले आणि बाईंना गाठून म्हणाले, "पोर माजी हाय का तुमची? माज्या दारात पाय ठेवायचा नाय पुन्हा!"

बाईंचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं. आता विचारते."

बाबा तोंड फिरवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आमच्या अंगणाबाहेरच्या दगडावर येऊन बसल्या. दारात यायची बंदी होती ना! बाबांची वाट बघत राहिल्या. एसटीची वेळ झाली तशा उठून गेल्या. असे चार दिवस गेले. बाबा घरातून बाहेर येईनात. पाचव्या दिवशी आजी उठली, तांब्या भरला आणि बाहेर जाऊन बाईंच्या हातात दिला. हातात. मग घराकडे वळून ओरडली, "म्हशी मी राखीन. माजे पाय मोडले नाय अजून. पोरीला जाऊ दे!"

"तुज्यानं होयाचं नाय," आतून बाबा म्हणाले.

"ते मी बघीन!"

जूनमध्ये मी कापड्याची वाट उतरू लागले. वर शाळा भरायची वेळ तीच. पहिल्याच दिवशी पाठीमागून बाईंची हाक आली, "भागीरथीबाई!" आणि सत्तरीची आजी डोंगरावरून ओरडली, "हाय गो बाय, हाय!" मी वाटेत उभी राहून रडले. आजीचे पाय चालत होते तोवर ही हाक एकदाही चुकली नाही.

मी आरोग्यसेविका झाले. नेमणुकीचा कागद आणि पेढे घेऊन महाडला गेले तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. कागद त्यांनी दोनदा वाचला आणि एकदम विचारलं, "ताई कशी आहे तुझी? तिच्या वेळी मी नवीन होते. दाखला लिहून दिला आणि गप्प बसले." मला खरं सांगायचं तर तो विषय त्या दिवशी नकोसा वाटला. मी म्हटलं, "जाऊ द्या हो बाई," आणि पेढा पुढे केला.

या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले, तर ताई माझ्याआधीच येऊन बसलेली. तिने बाईंचं नाव कधी काढल्याचं मला आठवत नव्हतं. परतताना रिक्षाची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाय आलेली माज्याकडं, गेल्या साली. काठी टेकत. म्हणाली, तुज्यासाठी पण दगडावर बसायला पायजे होतं मी, चुकलं माजं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बाय, माफी नको. येवढंच सांगा, मी हुशार होते काय?"

"मग?"

"म्हणाली, संगीपेक्षा जास्त." ताई हसली आणि डोळे पुसू लागली.

ते खरं होतं. मला ते लहानपणापासून ठाऊक होतं, आणि मी ते तिला कधी सांगितलं नव्हतं.