लाईट घालवून बघणारा

आमच्या श्रीगोंद्यात माशांच्या काचेच्या टाक्या बसवणारा तो एकटाच. आधी उसाच्या रानात ठिबकच्या नळ्या जोडायचा, त्यामुळे पाणी चढायला किती आढेवेढे घेतं आणि उतरायला किती उतावीळ असतं, हे त्याला पाठ. बोलताना मान वर करत नाही, नळीशीच बोलतो.

माझ्या टाकीखाली त्याने गाळणीची दुसरी टाकी ठेवली. वरचं पाणी तिच्यात उतरायचं आणि गाळून पंपाने परत वर जायचं. मला मात्र धास्ती, कारण आम्ही माडीवर राहतो आणि खाली भाडेकरूचं कापडाचं दुकान आहे.

"लाईट गेली, पंप थांबला, तर वरचं सगळं पाणी खाली येईल ना?"

"सगळं न्हाई येत, सर." वर चढणाऱ्या नळीला त्याने वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं. "पंप थांबला की ह्याच नळीतनं पानी उलटं येतं. हितवर उतरलं की नळी हवा ओढती आन् थांबती." मग खालच्या टाकीवर रेघ मारली. "याच्या वर भरायचं न्हाई. वरली जागा येनाऱ्या पान्याची."

"आणि नाही थांबलं तर?"

"लाईट जायच्या आधी आपनच घालवून बगायची," म्हणत त्याने स्वतःचा मोबाईल खालच्या टाकीला टेकवून फरशीवर ठेवला आणि पंपाची पिन उपटली.

पाणी भराभर उतरू लागलं. रेघ बुडाली. काठ चार बोटं राहिला, मग दोन. तेवढ्यात वर नळीने सुर्रकन हवा ओढली आणि सगळं थांबलं.

"बगा," म्हणत त्याने मोबाईल उचलला. तो कोरडाच होता, तरी त्याने दोन्ही बाजूंनी सदऱ्याला पुसला.