सडा घातलेलं अंगण

हुमनाबादच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत मला बसवून दिल्यावर माझे वडील, अप्पा, खिडकीशी आले आणि एवढंच बोलले, "जायलास तर जा. पर कुणापुढं गरीब दिसू नको." माझ्या अंगात त्यांनीच इस्त्री करून आणलेला शर्ट होता. मी सिनेमे करायला निघालो होतो, म्हणजे त्यांच्या मते वायाच.

पुण्यात मी माहितीपट लिहू आणि करू लागलो. कधी किल्ले, कधी ग्रहणं, कधी निवडणुका. आमच्या निर्मात्याला यातलं काही कळत नसे, मत मात्र सगळ्यावर असे. आटलेल्या बोअरवेलवर फिल्म ठरली तेव्हा तो म्हणाला, "तुमच्याच गावात करू. तिकडे पाणी नाहीच ना?" जणू आम्ही त्याच्या सोयीसाठीच तहानलेलो होतो.

गाव टँकरवर जगत होतं. आम्ही पोचलो तर माझ्या आईनं, अव्वानं, साठवणीतल्या पाण्यानं अंगणात सडा घातलेला, रांगोळी काढलेली आणि ठेवणीतलं इरकल नेसलेलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडं दुसरं काय करतात? निर्मात्यानं कपाळाला हात लावला. "दुष्काळ दिसतच नाहीये. आजी, जुनं लुगडं नेसा, हातात रिकामी घागर घ्या."

"कामून?" अव्वा म्हणाली. "पाहुण्यापुढं फाटकं नेसून बसू व्हय?" आणि तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं दोन घोट घेतले, उरलेलं पाणी अंगणात फेकलं.

मी अव्वाला होती तशीच, सड्यासकट चित्रित केली. संकलनात त्यानं ते सगळं उडवलं. टीव्हीवर दिसलं कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यातलं काळं, भेगाळलेलं तळं, खाली आमच्या गावाचं नाव. मी नोकरी सोडली.

मग तुमचे फोन आले. आपल्याच गावातून पुण्याला गेलेल्यांचे, हैदराबादला गेलेल्यांचे. "गाव बघून रडू आलं, अण्णा." अरे, आपली माती तांबडी. लहानपणी गुडघ्याला लागली की साबणानं निघायची नाही. तुम्ही काळ्या मातीवर रडलात. निर्माता निदान परका होता.

अव्वानं तेवढं ओळखलं. "माती आपली न्हाई," ती म्हणाली. आणि लगेच, "त्या गावच्या लोकायला कुणी सांगितलंय का, तुमचं तळं आमच्या नावानं दाखवायलेत म्हणून?"

घर कुठलं विचारलं की मी पुण्याचा पत्ता देतो. खरं घर म्हणजे आता अव्वाचं अंगण, तेवढंच. बाकीचं गाव तुम्ही घ्या, त्या काळ्या तळ्यासकट.