दुधाच्या दातांखाली

सहा वर्षांच्या मीराची दाढ किडली, तेव्हा मला वाटलं, दुधाचीच तर आहे, पडेल आपोआप. पण दाढ ठणकायला लागली, तिला साधा पोळीचा घास चावेना, म्हणून मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"काढूनच टाका ना," मी त्या बाईंना म्हटलं. "नाहीतरी नवीन येणारच आहे."

"नवीन दात कुठून येतो ते बघायचंय?" त्यांनी नुकताच काढलेला एक्स-रे पडद्यावर दाखवला.

मी बघतच राहिले. त्या इवल्याशा जबड्यात, दुधाच्या दातांखाली, दातांची आणखी एक रांग होती. हाडाच्या आत अजून पूर्ण न झालेले, मोठ्या माणसाचे दात. जिला अजून चपलेचा बंद लावता येत नाही, तिच्या आत तिचं मोठेपण असं निमूटपणे घडत होतं. मी रोज तिला भरवत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"ही दाढ खालच्या दाताची जागा राखून आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता काढली तर शेजारचे दात सरकतील, नवा वाकडा येईल. कीड साफ करून हिला वाचवू या. झोपण्यापूर्वी दात मात्र तुम्ही स्वतः घासून द्या."

दाढ वाचली. परवा ब्रश करताना मीरानं हिरडीवर बोट फिरवून पाहिलं.

"हाताला लागत नाहीत गं," ती हळूच म्हणाली, "पण आहेत."