पोर्चमधलं बिऱ्हाड

भाडं बुडवणारा भाडेकरू परवडला, भिंतींना खिळे ठोकणारा परवडला, पण आमच्या मेहुण्यांसारखा भाडेकरू वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे मावसभाऊ. कुंभकोणात लग्नाकार्यांच्या स्वयंपाकाची कंत्राटं घेतात. तिथल्याच मेलकावेरी भागात मी हौसेने बांधलेला बंगला त्यांनी भाड्याने मागितला, तेव्हा मला आनंदच झाला. संगमरवरी फरशी, खोल्याखोल्यांत एसी, न्हाणीघरात लोळून अंघोळ करायचा टब! आणि हा गृहस्थ राहतो कुठे? तर पोर्चमध्ये! गाडीच्या जागेत चटई, कोपऱ्यात गॅसची शेगडी, खांबाखांबाला दोरी बांधून वाळत घातलेली धोतरं. अंघोळ मागच्या नळाखाली, तांब्याने. आत जायचे ते फक्त सकाळी केर-फरशी करायला, तेही पाय धुऊन. रिमोटवरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढली नव्हती हो!

कारण विचारलं तर म्हणे, "दूध झालं नाही की, भावजी." आमच्याकडे नव्या घरात शिरलं की आधी चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं, मगच संसार थाटायचा. तशी रीत आहे, कबूल. पण ते दूध वहिनींच्याच, म्हणजे यांच्या बायकोच्याच, हातून तापलं पाहिजे, हा यांचा हट्ट. आणि वहिनी कुठे? सिंगापुरात, कुणा श्रीमंतांच्या घरी कामाला. वर्षानुवर्षं परक्यांची घरं सांभाळताहेत. पुढच्या महिन्यात येते म्हणायच्या, तर तिकडे मालकीणबाईंचा गुडघा दुखावायचा. गुडघा बरा झाला तर सुनेचं बाळंतपण! "ती येईतोंवरी आंत कोण्ही निजायचं नाही," मेहुणे सांबाराला फोडणी देत शांतपणे सांगायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कळस झाला तो समोरच्या बाईंनी मला थांबवून, "वॉचमन फार चांगला मिळालाय हो तुम्हाला," असं सांगितलं तेव्हा. मी लाजेने अर्धा झालो. मेहुण्यांच्या कानावर घातलं, तर ते खूश! "खरंच आहे की. घर राखतोच आहे."

शेवटी मी ठरवलं, आता सोक्षमोक्ष लावायचाच. आत राहा, नाहीतर घर सोडा. तणतणत गेलो, तर पोर्चमध्ये चटई नाही, शेगडी नाही, आणि दारात ही थोरली रांगोळी. वहिनी त्याच सकाळी आल्या होत्या. स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं, आणि मेहुणे लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. वहिनींनी मात्र सवयीने फडकं घेऊन ओटा पुसायला घेतला. मग आपली बॅग उचलली आणि मुकाट्याने स्वयंपाकघरामागच्या मोलकरणीच्या खोलीत नेऊन ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. मेहुण्यांचा चेहरा उतरला. ते तसेच आत गेले, बॅग डोक्यावर घेतली आणि जिना चढू लागले. "अहो, कोठे नेतां?" वहिनी मागून धावल्या. "वर. मोठी खोली तुझी." मी जे बोलायला गेलो होतो ते गिळलं आणि कॉफी पिऊन परत आलो.

चला, सुटलो, असं वाटलं. कसचं काय! काल संध्याकाळी तिकडून जात होतो, तर पोर्चमध्ये पुन्हा चटई, आणि तिच्यावर दोघं! आत खोल्याखोल्यांतून दिवे लखलखताहेत आणि घरात चिटपाखरू नाही. मी फाटकातूनच ओरडलो, "अहो, आता तरी आत बसा! घर कशाला घेतलंय?"

वहिनींनी सरकून मला चटईवर जागा करून दिली. "आंत बसलं की घर दिसत नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "येथून अस्सं सगळं दिसतं. आपलं."

आपलं! मालक मी, कागदावर सही माझी. सांगणारच होतो. पण दिवे खरंच फार छान दिसत होते. मी चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी बसलो.